हत्यारांची पेटी रंगविण्यापूर्वी

पेसाहाची सफाई सुरू झाली की घरातील कोणत्या वस्तूंना आता जागा उरलेली नाही, हे रस्त्याने जाणाऱ्यासही कळू लागते. हामेत्झाचा शोध स्वयंपाकघरातून निघतो आणि, का कोण जाणे, गॅरेजमध्ये जाऊन थांबतो. यंदा प्रेस्टविचमधील एका परिचित कुटुंबाच्या दारासमोरील स्किपमध्ये, मोडक्या खुर्च्या आणि भिजलेला गालिचा यांच्याखाली, आम्हांस एक काळी पत्र्याची पेटी दिसली. दोन्ही अंगांस लोखंडी कड्या, पुढे कोयंडा, आणि झाकणावर पांढऱ्या तैलरंगात देवनागरी अक्षरे. आम्ही ती वाचली. ते त्या घरातील दिवंगत आजोबांचे नाव होते. सूनबाईंना विचारले, तेव्हा त्या अगदी निर्मळ मनाने म्हणाल्या, "हवी असेल तर घ्या ना टीचर. आत गंजलेल्या पान्यांशिवाय काही नाही. आणि वर काय लिहिलंय ते आमच्यात कोणाला वाचताच येत नाही."

या बाईंना दोष द्यावा म्हणून आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. त्यांनी पेटी फेकली, आम्ही एकदा एक पेटी नवी केली; आणि या दोहोंत अधिक मोठी चूक आमची होती, असे आमचे आजचे मत आहे. ती हकीकत पुढे येईलच. परंतु वाचकांपैकी अनेकांच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी एखादी पेटी अजून असेल, आणि तिचे काय करावे हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्यापुढे येईल, म्हणून हे लिहिणे अगत्याचे वाटते.

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट मात्र आपण घाईने उरकतो. एकोणिसाव्या शतकात अलिबाग, पेण, रोहे या बाजूंची माणसे मुंबईस येऊ लागली, ती सगळीच काही कचेरीच्या खुर्चीवर जाऊन बसली नाहीत. काही पलटणीत गेली, काही सुतार झाली, काही गवंडी झाली, काही गोदीत व रेल्वेच्या कारखान्यांत शिरली. पुढे १९६०च्या दशकात ऑर्ट या संस्थेने मुंबईत आपल्या मुलांसाठी यंत्रकामाचे व विजेच्या कामाचे शिक्षण सुरू केले. त्या शिक्षणाच्या बळावर किती तरी तरुण परदेशी गेले. कारखाना कामगारास यंत्र देतो. परंतु कानस, गुण्या, पकड, कॅलिपर ही हत्यारे कसबी माणूस स्वतःची बाळगतो. दुसऱ्याच्या कानशीने त्याचा हात बसत नाही. ती हत्यारे ठेवावयाची पेटी म्हणजे त्या माणसाची कारखान्यातली एकमेव खासगी जागा. तिला कुलूप असे, आणि वर नाव असे.

भायखळा, कल्याण या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना फलाटावर रांगेने ठेवलेल्या गार्डांच्या व ड्रायव्हरांच्या काळ्या पेट्या आठवत असतील. आत लाल-हिरवे बावटे, बत्ती, धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, नियमांचे पुस्तक. वर रंगाऱ्याच्या वळणदार हाताने घातलेले नाव व ठाण्याचे नाव. या पेट्यांची जागा आता चाकांच्या बॅगा घेत आहेत, आणि गार्ड हा शब्दही २०२२च्या जानेवारीत जाऊन त्या जागी 'ट्रेन मॅनेजर' आला. बॅगेवर कोणी नाव रंगवीत नाही.

आपण ज्या गावात येऊन राहिलो, त्याचा या पेट्यांशी संबंध मुलांना वाटतो त्याहून जुना आहे. १८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. त्या रेल्वेची पहिली इंजिने येथून पश्चिमेस तासाभराच्याही आत असलेल्या न्यूटन-ली-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत १८५२ साली तयार झाली होती. घाटात चालणारी ती लांब नाकाची विजेची इंजिने, ज्यांना रेल्वेची माणसे त्यांच्या विचित्र आवाजामुळे 'खेकडा' म्हणत, त्यांची विद्युत यंत्रसामग्री ट्रॅफर्ड पार्कच्या मेट्रोपॉलिटन-विकर्सची. मुंबईच्या गिरण्यांतले साचे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे. तेव्हा आपल्या आजोबांच्या पेटीतली कानस ज्या लोखंडावर झिजली, त्यातले काही लोखंड इथलेच होते. आज ते कारखाने राहिलेले नाहीत, पेट्या आहेत.

आता आमची हकीकत. आमचे मामा परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. १९७० साली ते मँचेस्टरला आले, आणि त्यांची पेटी मागाहून बोटीने आली. सुएझचा कालवा १९६७ पासून बंद होता, तो १९७५ पर्यंत उघडला नाही. त्यामुळे पेटी आफ्रिकेस वळसा घालून आली, आणि तोवर मामांना उसन्या हत्यारांवर दिवस काढावे लागले. झाकणावर त्यांचे नाव व खाली बिल्ल्याचा नंबर. नव्या कारखान्यात सोबत्यांनी विचारले, "ही हिब्रू का?" मामा म्हणाले, "नाही, मराठी." त्यावर पुढचा प्रश्न आला, "मग तू ज्यू कसा?" हा प्रश्न आपल्यापैकी कोणास विचारला गेला नाही? मामा उत्तरादाखल पेटीवर बोट ठेवीत. नाव तोरातले, आडनाव कोकणातल्या गावचे, लिपी देवनागरी. यापेक्षा अधिक स्पष्टीकरण त्यांनी कधी दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

आम्ही मुंबईत डी.एड. करून १९९४ साली इकडे आलो. अध्यापक विद्यालयात आम्हांस कार्यानुभव नावाचा विषय होता. मुलांस हाताने काम करावयास शिकवावे, त्यातून बुद्धीस वळण लागते, असे आमच्या मनावर ठसविण्यात आले होते. त्या उत्साहाच्या भरात, १९९९ साली मामांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी, आम्ही त्यांची पेटी गुपचूप गॅरेजमधून काढली. काचकागदाने घासली, वर गडद हिरव्या चकचकीत रंगाचे दोन हात दिले, कड्यांना रुपेरी रंग लावला. वाढदिवशी मामांना बाहेर नेले. त्यांनी झाकणावरून हात फिरविला. मग म्हणाले, "छान आहे हो बाय. नवीन घेतलीस का?"

आम्ही हसून सांगितले की ही तुमचीच. ते काही बोलले नाहीत. बोटांनी झाकणाच्या मधोमध काही शोधत राहिले, आणि मग चहा घ्यावयास आत गेले. पुढे ते नऊ वर्षे जगले. त्या पेटीतून हत्यार काढताना आम्ही त्यांना पुन्हा पाहिले नाही. एक प्लॅस्टिकची लहान पेटी आणून ते तीच वापरीत.

या प्रसंगानंतर आम्ही या कामाचा जो थोडाफार अभ्यास केला, त्यातून सांगण्यासारखे आहे ते सांगतो. पहिली गोष्ट जिवाच्या काळजीची. जुन्या कारखान्यांत लोखंडावर प्रथम लावीत तो लाल थर पुष्कळदा शिशाचा असे. इंग्रजीत ज्याला रेड लेड म्हणतात तो आपल्याकडचा शेंदूरच. शेजारच्या मारुतीच्या देवळात आपण तो लांबून पाहिलेला आहे. गंज रोखण्यास तो उत्तम, आणि लहान मुलांच्या मेंदूस घातक. इंग्लंडात शिशाचे रंग सर्वसामान्य विक्रीतून १९९२ साली गेले. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला व तो २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तेव्हा १९५० किंवा १९६०च्या सुमाराची पेटी शिशाची आहे असे धरूनच चालावे. आम्ही १९९९ मध्ये ती कोरडी घासली, आणि धूळ उडत असताना शेजारी आमची दोन मुले खेळत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. घासावयाची तर ओल्या कागदाने, तोंडास योग्य मास्क लावून, मुलांना दूर ठेवून. रंग जाळून काढण्याचे नावही काढू नये. दुकानांत तपासणीची साधने मिळतात, ती आधी वापरावी.

दुसरी गोष्ट पत्र्याची जात ओळखण्याची. काळा पत्रा आणि जस्ताचा पत्रा यांस एकच उपचार चालत नाही. व्हिनेगर किंवा आम्लाचे पाणी काळ्या लोखंडावरचा गंज खाते. जस्ताच्या पत्र्यावर ते जस्तच खाऊन टाकते, आणि मग जो गंज चढतो तो आपल्या कृपेने. जस्तावर साधा तैलरंग थेट लावला तर काही काळाने त्याचे पोपडे निघतात, कारण रंगातील तेल व जस्त यांची साबणासारखी एक पूड मध्ये तयार होते. त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो. घाई करणाऱ्यांची सर्वांत अधिक फसगत इथेच होते.

तिसरी गोष्ट सांगताना मात्र आम्हांस आनंद होतो, आणि शिक्षकाचा पाल्हाळ वाचकांनी सहन करावा. सगळा गंज खरवडून काढलाच पाहिजे असे नाही. सुटे पोपडे काढावेत; घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिक आम्ल लावले असता तो काळा, स्थिर होतो. गंज बदलणारी जी द्रावणे दुकानात मिळतात, त्यांपैकी अनेकांचे मर्म हेच. कडक चहात गंजका खिळा टाकून ठेवा; पाणी काळे होते, ते याच कारणाने. आपल्याकडे हिरडा व हिराकस यांची शाई करीत, तीही हीच. आणि सोफेर ज्या शाईने सेफेर तोरा लिहितो, तीत मायफळ, डिंक आणि हिराकसासारखा क्षार असतो. मायफळातले टॅनिन व क्षारातले लोह मिळून जो काळा रंग उमटतो, तोच या पेटीच्या पत्र्यावर उमटतो. आमच्या वर्गातील मुलांना हे सांगितले तेव्हा एरवी खिडकीबाहेर पाहणारा एक मुलगा उठून पुढे आला. लोखंडाचा गंज आणि पवित्र ग्रंथाची शाई यांत रसायनाच्या दृष्टीने एवढे जवळचे नाते असेल, हे आम्हांसही शाळेत कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर तेल. तेल्यांच्या वंशजांस तेलाची जात सांगावी लागू नये, पण लागते. खोबरेल वाळत नाही, ते चिकट राहून धूळ धरते. तिळाचे अर्धवट वाळते. जवसाचे उकळलेले तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते आणि पातळ कवच धरते. ज्या पेटीवर जुना रंग व अक्षरे ठेवावयाची आहेत, तिच्या उघड्या पडलेल्या जागी याचा एक पुसट हात पुरे. मात्र तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. ते बाहेर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे. ज्यांना तेल नको, त्यांनी वस्तुसंग्रहालयांत वापरतात तसले पारदर्शक मेण लावावे. पेटीच्या आत, जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे रेड ऑक्साइड आणि वर हवा तो रंग लावण्यास आमची मुळीच हरकत नाही. पेटी वापरावयाची आहे. देव्हाऱ्यात ठेवावयाची नाही.

याउलट मत असणारे वाचक आहेत, हे आम्ही जाणतो. एका स्नेह्यांनी आम्हांस स्पष्टच सुनावले: "टीचर, आमच्या वडिलांनी वीस वर्षे काळे हात घेऊन घरी यावे लागले म्हणूनच आम्हांला शिकविले. मुलगी डॉक्टर झाली. आता ती तेलकट पेटी दिवाणखान्यात मांडून कोणाला काय दाखवायचे?" या प्रश्नात दुखावलेपणा आहे, आणि तो खोटा नाही. मजुरीचे गोडवे ते गातात ज्यांनी ती केलेली नसते. परंतु आम्हांस वेगळी शंका येते. घाण्याचा तेली दोन-तीनशे वर्षे मागे गेला म्हणून तो अभिमानास पात्र झाला. फिटर अजून आठवणीत आहे, त्याच्या कपड्यांचा वास अजून आठवतो, म्हणून तो संकोचाचा विषय. आणखी शंभर वर्षांनी आपली नातवंडे त्या फिटरचाही अभिमान धरतील, पण दाखवावयास त्यांच्याजवळ काही नसेल. अभिमान धरण्यास शंभर वर्षे थांबण्याचे कारण काय?

दुसरे टोकही आम्हांस पटत नाही. हल्ली जुन्या वस्तूंस हात लावू नये, गंज हाच तिचा इतिहास, असे म्हणण्याची एक चाल पडली आहे. चीथम हिल रोडवरील आपले ज्यू म्युझियम, १८७४ साली बांधलेल्या स्पॅनिश व पोर्तुगीज सिनेगॉगच्या वास्तूतील, २०२१ साली विस्तार होऊन पुन्हा उघडले. त्याच्या नव्या भागाची बाहेरची भिंत मुद्दाम गंजू दिलेल्या पोलादाची आहे. एका विद्यार्थिनीने आम्हांस तेथेच पकडले: "म्युझियमवाल्यांनी गंज ठेवला, मग तुम्ही का काढता?" प्रश्न उत्तम होता. त्या पोलादात तांबे, क्रोमियम अशा धातूंचा अंश असतो. त्यामुळे वरचा गंज दाट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. साध्या पत्र्याचा गंज सच्छिद्र असतो, फुगतो, पोपडा होऊन गळतो, आणि खालचा पत्रा पुन्हा उघडा पडतो. मँचेस्टरच्या दमट गॅरेजमध्ये 'इतिहास' म्हणून सोडून दिलेली पेटी काही वर्षांत चाळणी होईल. जतन आणि दुर्लक्ष या दोन गोष्टी एकसारख्या दिसू शकतात, पण एक नव्हेत.

मूळ रूप म्हणजे कोणते, याचे सोपे उत्तर नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुंबईत काळा घोड्याजवळचे १८८४चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ साली दुरुस्त होऊन उघडले, तेव्हा त्याचा ओळखीचा आकाशी निळा रंग उतरला होता. ज्यांनी जन्मभर ते निळे पाहिले, त्यांना ते चुकल्यासारखे वाटले तर नवल नाही. आमचे मत एवढेच की रंग काढताना किंवा चढविताना ज्याची ती वस्तू आहे त्याला, तो हयात असेल तर, आधी विचारावे. आम्ही विचारले नव्हते. गुपित राखून दिलेल्या भेटीत देणाऱ्याचा आनंद अधिक असतो.

गेल्या वर्षी आम्ही मामांची पेटी पुन्हा काढली. रंग काढण्याचे द्रावण लावले असते तर हिरवा आणि त्याखालचा पांढरा, दोन्ही एकदम गेले असते. म्हणून अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरून पाहिले. रंगाऱ्याच्या अक्षरांचा जाड थर खालून अगदी किंचित उंच दिसत होता, पण सगळीकडे नव्हे. आमच्या काचकागदाने आपले काम केलेले होते. बारीक ओल्या कागदाने, पाण्यात साबण घालून, बोटाएवढी जागा एका वेळी, असे आम्ही चार रविवार घासले. बिल्ल्याच्या नंबरातील तीन आकडे निघाले. नावाचे पहिले अक्षर अर्धे निघाले. आडनावातले शेवटचे 'कर' तेवढे स्पष्ट निघाले. गावाचे नाव गेले. कोणी सुचविले की उरलेली अक्षरे जुन्या छायाचित्रावरून पुन्हा रंगवून घ्यावीत. तसे एक छायाचित्र आहेही. आम्ही ती रंगविली नाहीत. पेटीस मेण लावले, आणि छायाचित्राची प्रत झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविली.

स्किपमधील पेटी आम्ही घरी आणली, ती परत देण्याच्या बोलीवर. त्या घरातील बारा वर्षांचा नातू रविवारी सकाळी अकरा वाजता येतो. पहिल्या रविवारी आम्ही पत्र्यास हात लावला नाही; झाकणावरील अक्षरे कागदावर गिरविली. तिसऱ्या रविवारी त्याला आजोबांचे नाव न अडखळता वाचता आले. पाने टॅनिकमध्ये बुडवून काळे झाले आहेत, त्यांतले दोन चालतात. आतल्या बाजूस कोणता रंग द्यावा यावर त्याचे व त्याच्या आईचे अजून एकमत झालेले नाही. कुलपाची किल्ली सापडलेली नाही. त्याच्या आत्याबाई अश्दोदला असतात, त्यांना विचारण्यासाठी त्याने या आठवड्यात फोन करावयाचा आहे.